आडात नसलेले पाणी

‘आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण आपण व्यवहारात वापरतो, आणि साहित्यविचारातही नकळत तिचाच आधार घेतो. लेखकाजवळ अनुभव नसेल तर वाचकाला तो मिळणार नाही. गुरूजवळ बोध नसेल तर शिष्य कोराच राहील, हे आपण गृहीत धरून चालतो. या म्हणीला सरळ नाकारणारे जे थोडे साहित्य माझ्या वाचनात आले, त्यात ख्रिस्ती धर्मोपदेशकांविषयीच्या लेखनाचा वाटा मोठा आहे. श्रद्धेचा झरा आतून आटलेला, प्रार्थना ओठावर येत नाही, शरीर साथ देत नाही. आणि तरीही लोक घागरी घेऊन दारात उभे आहेत. अशा माणसाने पोहरा सोडावा आणि तो भरून वर यावा, हा या साहित्याचा आवडता चमत्कार आहे. त्याने मला पुष्कळ काळ मोहून टाकले आहे. तो मोह कितपत रास्त आहे याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विषयावरील सर्वांत समर्थ कादंबरी, माझ्या मते, ज्यॉर्ज बेर्नानोस या फ्रेंच लेखकाची ‘एका खेड्यातील धर्मगुरूची रोजनिशी’ ही होय. ती १९३६ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी फ्रेंच अकादमीचे कादंबरीचे पारितोषिक तिला मिळाले. बेर्नानोस स्वतः धर्मगुरू नव्हता. सहा मुलांचा बाप असलेला, पैशाच्या विवंचनेत वावरणारा संसारी माणूस होता. त्याचा नायक आंब्रिकूर नावाच्या खेड्यात नव्याने आलेला तरुण धर्मगुरू आहे. कादंबरीभर त्याला नावच नाही. पोटात सतत कळ. अन्न टिकत नाही म्हणून हलक्या दारूत बुडवलेला शिळा पाव हाच त्याचा आहार. गावाला मात्र त्याच्या तोंडाचा दर्प तेवढा कळतो आणि तो दारुड्या ठरतो. धर्मवर्गातील मुली त्याची टर उडवतात. वाड्यावरची माणसे त्याला जुमानत नाहीत. यापुढे सर्वांत मोठा आघात म्हणजे त्याला प्रार्थना करता येईनाशी होते. रात्रीमागून रात्री तो जागून काढतो आणि पलीकडून काहीही उत्तर येत नाही.

अशा स्थितीत हा माणूस वाड्यातील काउंटेसला भेटतो. तिचा लहान मुलगा वर्षांपूर्वी गेला आहे, आणि देवाने तो नेला म्हणून तिने देवाशी अबोला धरला आहे. धर्माचे सारे बाह्योपचार ती पाळते; आत मात्र गोठून गेली आहे. या दोघांचा संवाद कादंबरीचा मध्य आहे. त्याच्या अखेरीस ती मुलाच्या केसांची बट असलेले पदक आगीत फेकते, आणि तो पोर जळत्या निखाऱ्यांत हात घालतो. तिला शांती मिळते. त्याच रात्री ती मरते. जी शांती त्याच्याजवळ कणभरही नव्हती ती त्याने तिला दिली कशी, या विस्मयाने तो स्वतःच भांबावून जातो. रित्या हातांनी दान देता येते, हा त्याला झालेला साक्षात्कार.

हा प्रसंग वाचताना म्हण खोटी पडते, यात शंका नाही. आणि ती खोटी पडण्यात कलावंताचे बळ आहे. बेर्नानोसने येथे चमत्काराची कोणतीही सामग्री वापरलेली नाही. प्रकाश नाही, आवाज नाही. एक आजारी मुलगा आणि एक हट्टी बाई एका खोलीत बोलत आहेत, एवढेच. त्यामुळे आपण विश्वास ठेवतो. विश्वास ठेवतो, आणि येथेच एक धोका सुरू होतो.

रितेपणा हीच जर कृपेची वाट असेल, तर रित्या माणसाला भरावयाचे कोणी आणि कशासाठी? जो थकला आहे त्याचा थकवाच त्याच्या पावित्र्याची खूण मानली, की त्याच्याकडून आणखी काम घेण्यात संकोच उरत नाही. माझ्या परिचयाचे एक पाळक होते. सात गावांच्या मंडळ्या, महिन्याला तीन-चार अंत्यविधी, शाळेचे हिशेब, आणि घरी अंथरुणाला खिळलेली आई. त्यांना ही कादंबरी मीच वाचावयास दिली होती. परत करताना ते म्हणाले की पुस्तक फार मोठे आहे, फक्त ते माझ्या वरिष्ठांच्या हाती पडू देऊ नका. मी हसलो, ते हसले नाहीत. त्यांच्या त्या एका शेऱ्याने समीक्षेचा एक खरा प्रश्न माझ्यापुढे ठेवला. एखादी कलाकृती दुःखाला इतके सुंदर करते की ते दूर करण्याची गरजच वाटू नये, असे घडत असेल तर तो दोष वाचकाचा, की कलाकृतीचा?

याचे उत्तर शोधताना मला बायबलकडे वळावे लागले. कारण ही सारी परंपरा ज्या मुळातून फुटली ते मूळ तेथे आहे. जुन्या करारातील एलीया संदेष्ट्याची कथा पाहा. कर्मेल डोंगरावर बआलाच्या पुजाऱ्यांवर त्याने मोठा विजय मिळवला. नेतृत्वाचा याहून मोठा क्षण असू शकत नाही. आणि लगेच ईजबेल राणीची धमकी येताच तो पळतो. बैर-शेबा येथे चाकराला मागे ठेवतो, एक दिवसाची वाट रानात चालून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. विजयानंतरचा हा थकवा पराभवानंतरच्या थकव्याहून खोल असतो, हे त्या प्राचीन कथाकाराने किती अचूक हेरले आहे!

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. मरण मागून झोपलेल्या या माणसाकडे देवदूत येतो. पण उपदेश करीत नाही. भित्रेपणाबद्दल दोष देत नाही, श्रद्धा वाढवण्याविषयी चकार शब्द काढत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवून तो त्याला उठवतो. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही अन्नच देतो, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे हे त्याला ठाऊक आहे. त्यानंतर चाळीस दिवसांचा प्रवास, होरेब पर्वत, वादळ, भूकंप, अग्नी, आणि मग तो प्रसिद्ध मंद स्वर. आपले सारे प्रवचनकार त्या मंद स्वरावर बोलतात. भाकरीवर थोडे बोलतात. पण कथेतला क्रम उलटा आहे: आधी भाकर, मग झोप, मग पुन्हा भाकर, आणि अगदी शेवटी वाणी.

त्या वाणीने काय सांगितले तेही पाहावे. ‘मी एकटाच उरलो’ असा एलीयाचा आक्रोश होता. त्याला उत्तर मिळाले की बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून शिल्लक आहेत. आणि आज्ञा मिळाली की अलीशाचा अभिषेक करून त्याला आपल्या जागी नेमावे. म्हणजे थकलेल्या नेत्याला अधिक बळ देऊन पुन्हा एकट्याने लढावयास पाठवलेले नाही. त्याचे काम वाटून दिलेले आहे. मोशेच्या कथेतही हेच आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे निवाडत बसलेल्या जावयाला पाहून त्याचा सासरा इथ्रो सांगतो की अशाने तूही झिजशील आणि लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम. हा सल्ला स्वर्गातून आलेला नाही. पाहुणा आलेल्या सासऱ्याने दिलेला आहे. धर्मग्रंथाला त्यात काही कमीपणा वाटला नाही.

आज ज्याला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात तो शब्द या अर्थाने मानसशास्त्रात रुळला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या १९७४ मधील लेखापासून. त्यांनी तो न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात राबणाऱ्या सेवाभावी माणसांना पाहून वापरला. पण त्याआधीच, १९६१ च्या सुमारास, ग्रॅहम ग्रीनने काँगोमधील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीवर लिहिलेल्या कादंबरीला जवळपास हेच नाव दिले होते. तेथे त्याचा अर्थ वैद्यकीय आहे: ज्याच्या शरीरातला रोग बोटे-पावले खाऊन मगच शमला आहे असा रोगी. ग्रीनचा नायक, क्वेरी हा नामांकित वास्तुशिल्पी, मनाने तसा झालेला आहे. त्या कादंबरीत मला क्वेरीपेक्षाही तेथील धर्मगुरू अधिक बोलके वाटतात. त्यांतला फादर थॉमस स्वतः श्रद्धेने डळमळलेला असल्यामुळे क्वेरीच्या रितेपणात संतत्व शोधू पाहतो. त्याला ते हवेच आहे. इतर पाद्री मात्र बांधकाम, यंत्रे, सामानसुमान यांच्या काळजीत असतात, आणि त्यामुळेच ती वसाहत चालते. दुसऱ्याच्या कोरडेपणाची पूजा कोण करतो, याचे ग्रीनने दिलेले उत्तर तिखट आहे: ज्याला स्वतःचा कोरडेपणा सोसवत नाही तो.

मराठीत या अवस्थेला ‘जळून जाणे’ म्हणण्याची रीत नाही. आपण म्हणतो ‘आटणे’. विहीर चैत्रात आटते, पण तिला कोणी मेलेली म्हणत नाही. गाळ काढतात, पावसाची वाट पाहतात, आणि तोवर शेजारच्या विहिरीवरून पाणी आणतात. भाषेने येथे एक शहाणपण जपले आहे असे मला वाटते. जळणे ही एकट्याची गोष्ट आहे. आटणे ही गावाची.

या दृष्टीने मदर तेरेसा यांची पत्रे वाचण्यासारखी आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, ती ग्रंथरूपाने आली, आणि जगाला कळले की कलकत्त्याच्या झोपडपट्टीत काम सुरू केल्यापासून जवळजवळ अर्धशतक या बाईंना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. १९५८ मधील काही आठवडे सोडले तर सारा अंधार. ही पत्रे नष्ट व्हावीत अशी त्यांची स्वतःची इच्छा होती. साहित्य म्हणून ती घडवलेली नाहीत. तुटक वाक्ये, जागोजाग आडव्या रेघा, तीच तीच कैफियत पुन्हा पुन्हा. पण त्या पुनरावृत्तीतच त्यांचे सत्य आहे. दुःख नवे असते तेव्हा त्याला शब्द सुचतात. जुने झाले की ते एकच वाक्य घोकत राहते.

ग्रंथ बाहेर येताच दोन पक्ष पडले. नास्तिकांनी म्हटले, आत श्रद्धा नव्हती, बाहेर मात्र हसरा चेहरा होता. श्रद्धावंतांनी म्हटले, हाच संतत्वाचा पुरावा. आणि २०१६ साली त्यांना संतपद मिळालेही. मला दोन्ही वाचने सारखीच उतावीळ वाटतात, कारण दोघांनाही तो अंधार म्हणजे कशाचा तरी दाखला हवा आहे. त्या अंधारात माणूस रोज सकाळी उठतो कसा, हे कोणी विचारीत नाही. पत्रांतून एक गोष्ट कळते: त्या बोलत होत्या. लोकांपुढे नव्हे, पण आपल्या धर्मगुरूंपाशी. त्यांतले एक होते जोसेफ नॉयनर, पुण्यात दीर्घकाळ अध्यापन केलेले ऑस्ट्रियन जेझुइट पंडित, जे २००९ साली वयाची शंभरी ओलांडून वारले. त्यांनी हा अंधार म्हणजे पाप किंवा अपयश नसून त्या कार्याचीच आतली बाजू आहे असे सांगितले, आणि तेव्हापासून तो अंधार त्यांना जवळचा वाटू लागला. हे उत्तर त्यांच्या बाबतीत खरे ठरले. पण एकीला लाभलेली सांत्वना सर्वांसाठी नियम करता येत नाही. शिवाय १९५० साली बारा भगिनींनिशी उभा राहिलेला आणि १९९७ पर्यंत सुमारे चार हजारांवर गेलेला संघ त्यांच्याभोवती होता, हे विसरून कसे चालेल? आड आटलेला होता हे खरे. पण पोहऱ्याला लागलेले हात अनेक होते.

आता घराजवळ यावयास हरकत नाही. नेत्याच्या दानाचा खर्च कोण उचलतो हे सांगणारे पुस्तक मला फ्रेंचमध्ये वा इंग्रजीत भेटले नाही. ते मराठीत आहे, आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या एका बाईचे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत आली. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनी त्या धर्मात पाऊल टाकले. मधली वर्षे ताटातुटीची. पुढे अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, संसार. टिळक कवी, उपदेशक, माणसांचे वेडे. हाती आलेला पैसा हातात ठरत नसे. दुष्काळातली निराधार मुले घरात येत आणि घरचीच होत. १९१७ साली तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले.

टिळकांची श्रद्धा आटली होती असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. ते उलट ओसंडून वाहणारे गृहस्थ होते. पण ओसंडणाऱ्या भांड्याखाली कोणीतरी दुसरे भांडे धरावे लागते. ‘स्मृतिचित्रे’ हे त्या खालच्या भांड्याने सांगितलेले वृत्त आहे. दिलेल्या पैशाची उणीव दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात कशी जाणवते, आलेल्या मुलाला ताट कोठून वाढावयाचे, हे लक्ष्मीबाई सांगतात. आणि हसत सांगतात. त्या हसण्यात तक्रार नाही असे आपण नेहमी म्हणतो. मला ते पुरते पटत नाही. तक्रार आहे, पण ती ज्या माणसाविरुद्ध आहे त्याच्यावर जीव असल्यामुळे तिचे विनोदात रूपांतर झाले आहे. तुकोबा भंडाऱ्यावर देवाच्या नादात बसले की आवली भाकर घेऊन डोंगर चढे, असे परंपरा सांगते. आपल्या भाविक चरित्रकारांनी तिला कजाग ठरवून टाकले. आवलीने चरित्र लिहिले असते तर ते कसे झाले असते, याची कल्पना ‘स्मृतिचित्रे’ वाचून येते. टिळकांनी आरंभलेले आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले, ही गोष्टही मला अर्थपूर्ण वाटते. एक हात थांबला तेथे दुसऱ्याने दोर धरला.

एवढे पाहून झाल्यावर बेर्नानोसकडे परत गेलो, आणि कादंबरीचा शेवट पूर्वी वाचला होता तसा उरला नाही. मरणापूर्वी थोडा आधी त्या धर्मगुरूला एक तरुण आपल्या मोटारसायकलवरून स्टेशनावर सोडतो. वारा तोंडावर येतो, आणि आपण तरुण आहोत हे त्या बिचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कळते. त्याच्या वाट्याला आलेली ही एकच निव्वळ मौज. आणि बेर्नानोसने ती त्याला कोणताही उपदेश न चिकटवता दिली आहे. मग लील शहरातील डॉक्टर पोटाचा कर्करोग असल्याचे सांगतो. जावयाचे कोठे? तो दुफ्रेती या जुन्या मित्राकडे जातो. दुफ्रेतीने धर्मगुरूपद सोडले आहे. एका बाईबरोबर तो गरिबीत राहतो. दुसरा धर्मगुरू वेळेवर पोहोचत नाही असे दिसताच मरणारा माणूस पापक्षमेसाठी त्या भ्रष्ट मित्रापुढे हात पसरतो. दुफ्रेती कचरतो, आपल्याला तो अधिकार उरलेला नाही या जाणिवेने शरमतो, पण देतो.

पूर्वी मला हा प्रसंग केवळ करुण वाटत असे. आता वाटते की कादंबरीचे खरे उत्तर येथे आहे. काउंटेसच्या खोलीत जे रिते हात देणारे होते, तेच येथे घेणारे झाले आहेत. आणि देणाराही रिताच आहे. जो आयुष्यभर दुसऱ्यांना देत आला त्याला कोणीतरी द्यावे लागते, आणि ते देणारा माणूस बहुधा नावाजलेला नसतो, अधिकारी नसतो, कधी कधी तर बहिष्कृत असतो. एलीयाचा देवदूत, पाहुणा आलेला इथ्रो, नगरच्या स्वयंपाकघरातील लक्ष्मीबाई, आणि लीलच्या कोंदट खोलीतला दुफ्रेती हे एकाच जातीचे आहेत.

मघाच्या प्रश्नाचे उत्तर मग असे द्यावे लागेल. दोष बेर्नानोसचा नाही; निम्मे पुस्तक वाचून थांबणाऱ्याचा आहे. रित्या हातांचा चमत्कार तेवढा उचलून जो बोध करतो, त्याने शेवटची पाने फाडून टाकलेली असतात. या विषयावरील लेखनाला मी यापुढे एक साधी कसोटी लावीन. आडात नसलेले पाणी पोहऱ्यात आले असे लेखकाने सांगावे, माझी हरकत नाही. अनुभव तसा असतो, हे मी मान्य करतो. पण ते पाणी दुसऱ्या कोणत्या तरी आडातले असते. तो आड कोठे आहे, त्यावर कोण राबते, आणि तोही आटू लागला आहे काय, हे जो दाखवतो त्याचे लेखन मला मोठे वाटेल. जो हे झाकतो त्याची भाषा कितीही उदात्त असो, त्याने एका थकलेल्या माणसाचे ओझे वाढवलेले असते.

ते पाळक आता नाहीत. त्यांच्या सात मंडळ्यांना आज तीन पाळक आहेत असे ऐकतो. ही व्यवस्था त्यांच्या हयातीत झाली असती तर बरे झाले असते.